कपाटात मी, कर्दळीत ती

२ जुलै

आजपासून मी कपाटात काम करते. लिहायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. मागच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या, आतून जुन्या रजया ठोकल्या आणि एक स्टूल ठेवलं. समोर मायक्रोफोन, कानावर हेडफोन, मांडीवर कादंबरी. दार लावून घेतलं की आत इतकं शांत होतं की स्वतःचा आवंढाही ऐकू येतो.

बस डेपोत मी गाड्यांच्या घोषणा करायचे. मग साहेबांनी माझ्याकडून सगळ्या गावांची नावं आणि सगळे आकडे एकदाचे बोलवून घेतले आणि यंत्र बसवलं. आता डेपोत माझा आवाज नोकरीला आहे आणि मी घरी. मैत्रिणीने सुचवलं की पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम बघ. नमुना पाठवला. तिथल्या संपादक बाई म्हणाल्या, तुमच्या आवाजात घाई नाही. जन्मभर गाडी सुटायच्या वेळी बोललेल्या बाईला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. अख्खी कादंबरी महिनाअखेर द्यायची आहे. जमलं तर पुढची कामं, नाहीतर दुसरी एक वाचणारी त्यांच्याकडे तयार आहे, हेही त्यांनी तितक्याच गोड आवाजात सांगून टाकलं.

कादंबरी एका जहाजावरच्या स्वयंपाकिणीची आहे. उशाला घेता येईल एवढी जाड.

नवरा लांब पुलाच्या कामावर असतो. त्याला फोन केला तर पहिला प्रश्न, बाबांना सांगितलंस का? बाबा म्हणजे माझे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात. सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की डास उडवायची, ते कळलं नाही.

४ जुलै

पहिलं प्रकरण झालं. ऐकून बघितलं तर माझ्या आवाजाखाली कुणीतरी पाण्याचा पंप सुरू करतंय. आधी गुळण्या केल्यासारखी घरघर, मग 'कुवाक, कुवाक, कुवाक'. पंप सुरू होतोय, बंद पडतोय, पुन्हा सुरू होतोय.

खिडकीतून बघितलं. मागच्या बागेत सासूबाईंनी कमळांसाठी खड्डा खणून घेतला होता. कमळं लागायच्या आधीच, गेल्या वर्षी त्या गेल्या. आता खड्ड्यात पावसाचं पाणी आणि भोवती रान माजल्यासारखी कर्दळ. तिच्यातून एक पक्षी बाहेर आला. काळपट पाठ, तोंडापासून पोटापर्यंत पांढरं, जणू एखादी बाई एप्रन बांधून स्वयंपाकघरातून आली आहे. पाय लांब आणि पिवळट. दर पावलाला शेपटी वर उडवायची, की खालचा विटकरी रंग दिसायचा. नाना पुढच्या ओट्यावर होते. त्यांना जाऊन विचारलं. ते खोकले. (ते मला कशानेच हाक मारत नाहीत. बोलायच्या आधी फक्त खोकतात.)

"पाणकोंबडी," म्हणाले.

या आठवड्यातलं आमचं हे सगळ्यात मोठं संभाषण.

९ जुलै

प्रकरण परत आलं. संपादक बाईंनी विचारलंय, मागे कोण भांडतंय? मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या, पण मुदत तीच ठेवली.

पहाटे करून बघितलं, ती माझ्याआधी उठलेली. दुपारी करून बघितलं, आभाळ भरून आलं की तिला जास्तच चेव येतो. खिडकीला गादी लावली तर जीव गुदमरला. नाकी नऊ आले आहेत. उद्या गवत कापणाऱ्याला बोलावते. कर्दळ गेली की बाई जाईल.

१० जुलै

कर्दळ गेली नाही.

गवतवाला यंत्र घेऊन आला, दोरी ओढली, आणि नाना चपला न घालता बागेत उतरून त्याच्यासमोर उभे राहिले. मी म्हटलं, नाना, बाजूला व्हा, पातं लागेल. ते हलेनात. ते गिरणीत बॉयलरवर होते, तिथल्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला. उजवा चांगला आहे असं डॉक्टर म्हणतात, मला मात्र अनुभव नाही. शेवटी जवळ जाऊन ओरडून सांगितलं. ते खोकले.

"आत अंडी आहेत," म्हणाले.

वाकून बघितलं. मोडलेल्या पानांची उथळ टोपली, तीत मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची अंडी, आणि बाई त्यांच्यावर ठाण मांडून. माझ्याकडे बघत होती. उडाली नाही. गवतवाल्याने यंत्र बंद केलं, म्हणाला माझ्याच्यानं नाही व्हायचं ताई, चहा घेतला आणि गेला.

मला राग आला, हे इथे लिहायला हरकत नाही. सासूबाईंनी लावलेली कर्दळ म्हणून नानांचा जीव अडकलाय, हे मी समजू शकते. पण अंड्यांना महिनाअखेर नसते, मला आहे.

१३ जुलै

आज पुन्हा बोंब. 'टिक टिक टिक' असा नवीन सूर, मग नेहमीचा पंप. वाचता वाचता उठून बघितलं तर कारण काही नाही. शेजारच्या काकूंचा ठाणेदार नावाचा बोका कुंपणावर बसून मिशा साफ करत होता, आणि ही नुसती ओरडतेय. काही जणांना स्वभावच असतो.

नाना माझ्या मागोमाग येऊन बघून गेले. त्यांनी ठाणेदाराकडे बराच वेळ बघितलं.

१६ जुलै

नाना रुसलेत. दुसरं काही नाही. कधी नव्हे ती आपली वेताची खुर्ची त्यांनी पुढच्या ओट्यावरून मागच्या ओट्यावर नेली, माझ्या खोलीच्या भिंतीला चिकटवून. आणि बसतात कसे, तर आडवे. उजवा खांदा भिंतीला टेकवून, नजर बागेकडे. पाठ फिरवून बसलेलं मी समजू शकते, पण हे कुशीवर रुसणं मी पहिल्यांदा बघतेय. झिमझिम सुरू झाली तरी उठत नाहीत, छत्री उघडतात. मी कपाटातून बाहेर आले की उठून आत जातात. बरं, गवतवाला परत गेला ना आता? अजून किती दिवस धरून ठेवायचं?

आणि दूध पुरत नाहीये. सकाळी पातेलं भरलेलं, दुपारच्या चहाला तळ दिसतो. आज पुढच्या पायरीवर रिकामी बशी सापडली. या वयात चोरून दूध पितात, आणि तेही बशीत. मी काही बोलले नाही. खाल्ल्या-प्यायल्याचं काढू नये.

१८ जुलै

चमत्कार झाला. ओळीने प्रकरणं झाली आणि मागे एकही 'कुवाक' नाही. पाणकोंबडीला बहुतेक माझ्या आवाजाची सवय झाली. तीही दिवसभर एका जागी बसून, मीही. आमचं जमेल असं वाटतं.

ओट्यावर नाना काठी घेऊन बसलेले असतात. काठी कशाला, त्यांचे पाय तर ठणठणीत आहेत. विचारलं नाही.

२१ जुलै

नवऱ्याचा फोन. आवाज काळजीचा. नानांनी त्याला काल फोनवर विचारलं म्हणे, जहाजावर स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असतं की खाली? आणि समुद्र खवळला की चुलीवरची भांडी कशी सांभाळतात? हा म्हणाला, बाबा, मी पूल बांधतो. त्यावर नाना म्हणाले, मग तुझ्या ओळखीत कुणी जहाजावरचं आहे का?

"असं कधीपासून बरळतात?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, माझ्याशी तर बोलतच नाहीत. महिनाअखेर झाली की डॉक्टरांकडे नेऊ असं ठरलं. फोन ठेवल्यावर वाईट वाटत राहिलं. दूध, छत्री, काठी, आता हे जहाज. सासूबाई गेल्यापासून माणूस हळूहळू कुठेतरी निघून चाललाय आणि मला त्याच्याशी चार शब्द बोलायलाही जमत नाही. त्या रोज सकाळी त्यांना अख्खा पेपर मोठ्याने वाचून दाखवायच्या, हवामानापासून निधनवार्तांपर्यंत. आता पेपर येतो आणि तसाच घडी घातलेला पडून राहतो.

२४ जुलै

आज म्हाताऱ्या कप्तानाच्या मृत्यूचं प्रकरण केलं. एका दमात, कुठेही न अडखळता. इतकं चांगलं मी आजवर वाचलं नव्हतं. कपाटातून बाहेर आले तेव्हा वाटलं कुणाला तरी सांगावं, पण घरात सांगण्यासारखं कोण आहे?

नाना जेवले नाहीत. डोळे लाल. विचारलं, बरं नाही का, तर नुसता हात हलवला. पावसात बसून दुसरं काय व्हायचं.

२८ जुलै

हात दुखतोय, तरी आजचं आजच लिहून काढते.

सकाळपासून धो धो. कौलांवर आवाज इतका की थांबावं लागलं. जरा उघडल्यासारखं झालं तशी शेवटच्या प्रकरणाला बसले. स्वयंपाकिणीचं जहाज बंदराला लागलंय, शिडी टाकली आहे, आणि ती आपली ट्रंक घेऊन कठड्याशी उभी आहे. अर्धं प्रकरण सुरेख झालं. तेवढ्यात कपाटाच्या दारावर थाप पडली. या घरात त्या दारावर कुणीही कधी थाप मारलेली नाही.

दार उघडलं. नाना नखशिखांत भिजलेले.

"अगं, पाणी," म्हणाले. "खड्डा भरला. घरटं चाललं."

आता खरं ते लिहिते. माझ्या मनात आलं, एवढं पान संपवून जाऊ. हेडफोन गळ्यात तसाच होता. बाहेर पुन्हा पाऊस वाढायला लागला होता, आज नाही झालं तर उद्या होईल याचा भरवसा नव्हता, आणि तीन दिवसांत मुदत संपत होती. नाना थांबले नाहीत. वळून गेलेसुद्धा. ओल्या पावलांचे ठसे तेवढे फरशीवर राहिले. मी मशीन बंद केलं आणि गेले.

बाग म्हणजे तळं झालं होतं. कर्दळीचे दांडे पाण्यात अर्धे बुडालेले, घरटं पाण्याला टेकलेलं, आणि बाई त्यावर बसूनच. तिचा जोडीदार काठाने पिसाटासारखा पळत होता. खड्ड्यातलं पाणी बाहेर सोडणारा पाइप तुंबला होता. नाना फावड्याने कुंपणाकडे चर खणायला लागले होते, पण चिखल खणतोय तेवढा परत आत घसरत होता. मी पाण्यात बसले आणि पाइपमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. पानं, चिखल, आणखी पानं. मग काहीतरी गिळगिळीत हाताला लागलं, मी किंचाळले, आणि तो सासूबाईंचा जुना रबरी हातमोजा निघाला. जोडीदाराने तेवढ्यात येऊन माझ्या घोट्याला टोच मारली. उपकाराची जाण म्हणून नाही.

बोळा निघाला तसं पाणी खेचल्यासारखं जायला लागलं. नानांनी फळकुट आणून घरट्याखाली सरकवलं, त्याखाली विटा लावल्या. बाईने तेवढ्यापुरती उठून जागा दिली आणि लगेच परत बसली. एक अंडं मात्र निसटलं. तरंगत कुंपणापर्यंत गेलं, तिथे जाळीला जरा अडलं आणि खालून निघून गेलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

मग मागच्या पायरीवर बसून चहा घेतला. वीज गेलेली, अंगावर टॉवेल. मी म्हटलं, वाचली हो सासूबाईंची कर्दळ. नानांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी परकी भाषा बोलते आहे.

"तिला ही कर्दळ आवडायची नाही," म्हणाले. "म्हणायची, वाट बघतेय कमळाची आणि फोफावतेय ही बया."

मग त्या दिवशी गवतवाल्याच्या आडवे कशाला आलात, असं मी विचारलं.

"ती अंड्यांवर बसली होती ना," म्हणाले.



२९ जुलै

माझा आवाज बसला. बसला म्हणजे पार. 'चहा' म्हणायला गेले तर नुसती हवा आली. आणि नानांना ताप. त्यांना पुढच्या खोलीत झोपवलं, डॉक्टर घरी येऊन गेले. छाती साफ आहे, विश्रांती द्या म्हणाले. मी त्यांना खुणेनेच विचारलं, डोकं ठीक आहे ना? त्यांनी नानांना वार, महिना, सुनेचं नाव, सगळं विचारलं. नानांनी सगळं बरोबर सांगितलं. माझं नावसुद्धा. मग डॉक्टरांकडे असं बघितलं की तेच ओशाळले.

म्हणजे जहाजाचं काय ते राहिलंच.

३१ जुलै

संपादक बाईंना शेवटच्या प्रकरणाखेरीज सगळं पाठवलं आणि झालेलं लिहून कळवलं. बोलता येत नसलं की माणूस खरं लिहितो. पाणी, पाइप, अंडी, हातमोजा, घसा. काही रंगवलं नाही. दिवसभर फोनकडे बघत काढला. हे काम गेलं तर मला दुसरं काही येत नाही, हे दिवसभर फार स्पष्ट दिसत होतं. डेपोत परत जायचं तर माझ्याच आवाजाशी भांडावं लागेल.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. चार दिवस देते, त्यानंतर नाही. पुढे लिहिलं होतं, कप्तानाचं प्रकरण ऐकलं. बस एवढंच. चांगलं की वाईट, ते नाही.

१ ऑगस्ट

पिल्लं बाहेर आली.

काळ्या कापसाचे गोळे, त्यांना आगपेटीच्या काड्या टोचल्यासारखे पाय. मी खिडकीतून बघितलं आणि धावत पुढच्या खोलीत गेले. आवाज अजून नव्हता, त्यामुळे दोन्ही हातांनी चोची करून दाखवल्या. नानांना लगेच कळलं. ताप असूनही उठले. त्यांना धरून मागच्या खिडकीशी आणलं. बाई पुढे, तिच्यामागे ती रांग, आणि शेवटी जोडीदार, लग्नघरातल्या काकांसारखा सगळ्यांवर उगाच ओरडत. कुंपणाच्या जाळीखालून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटात सगळी वरात निघून गेली. शेवटचं पिल्लू जाळीत अडकलं, पडलं, उठलं आणि गेलं.

नाना बराच वेळ तिथेच उभे होते. मी त्यांचा हात धरला होता. सोडायचं लक्षात आलं नाही.

३ ऑगस्ट

काकू तक्रार घेऊन आल्या. ठाणेदार फुगून ढोल झालाय, घरचं अन्न तोंडाला लावत नाही आणि दिवसभर आमच्या पुढच्या पायरीवर पडून असतो. तुम्ही त्याला काही घालता का, असं विचारत होत्या. मी शपथेवर नाही सांगितलं. आमच्याकडे चहाला दूध पुरत नाही, मांजरं कुठून पोसणार? बघितलं तर खरंच बोका पायरीवर बसून दाराकडे आशाळभूतपणे बघत होता. लोकांची जनावरं म्हणजे.

बाकी नाना आजारी पडल्यापासून दूध पुरतंय.

४ ऑगस्ट

आवाज आला. थोडा खरखरीत, पण आला. शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा केलं. कर्दळीत कुणी नाही, ओट्यावर कुणी नाही, नाना पुढच्या खोलीत झोपलेले. मला हवी होती तशी शांतता महिनाभरात पहिल्यांदा मिळाली. तिच्यात वाचताना मात्र दोन-तीनदा उगाच थांबून कानोसा घेतला.

पाठवून दिलं.

७ ऑगस्ट

निरोप आला. कादंबरी घेतली. पुढचं पुस्तक मधमाश्यांवर आहे, वाचाल का, असंही विचारलंय. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच हो कळवलं.

नानांना सांगायला गेले. ते आता उशीला टेकून बसतात. म्हटलं, नाना, माझं काम झालं, त्यांनी घेतलं. त्यांनी मान हलवली. या वेळची नक्की होकाराची होती. मी वळले तर मागून खोकला आला.

"उतरली का ती?"

मला कळेना. कोण, असं विचारलं.

"ती स्वयंपाकीण," नाना म्हणाले. "शिडी टाकली होती. ट्रंक घेऊन उभी होती. मग पाणी आलं."

मी दारातच उभी राहिले. मग विचारलं, तुम्ही ऐकत होतात?

"भिंत पातळ आहे," म्हणाले. आणि जरा वेळाने, "कप्तान जायला नको होता."

मग मी सांगायला लागले की शेवटी असं होतं, की ती... तर त्यांनी हात वर केला.

"सांगू नकोस. वाच."

पुस्तक आणलं. खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला घेतली. पाऊस कौलांवर इतका आपटत होता की ओरडून वाचावं लागलं, शेजारी काकूंनाही ऐकू गेलं असणार. दोन ठिकाणी अडखळले, एक ओळ गाळली, परत जाऊन वाचली. नाना डोळे मिटून ऐकत होते. शिडीपाशी आले तेव्हा त्यांनी पांघरुणाचं टोक मुठीत धरलं होतं.

उतरली ती. पुस्तक मिटलं. मग त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, मागची पानं, पुढची पानं चाळली, आणि एका जागी बोट घालून माझ्यापुढे धरलं.

"ही सुरुवातीची माझी राहिलीत," म्हणाले. "तेव्हा मी पुढच्या ओट्यावर बसायचो."

मी चहा ठेवून आले आणि पहिलं पान काढलं.